शीड नसलेले पाणी

वाळवा तालुक्यात टीएमसी हा शब्द कोणाला शिकवावा लागत नाही. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, हे गणित ज्याला येत नाही त्यालाही कोयना धरण १०५ ला भरते हे ठाऊक असते. जुलै सरत आला की इस्लामपूरच्या चौकातल्या चहाच्या टपरीवर, एस. टी. स्टँडच्या बाकावर, उसाच्या फडाच्या बांधावर एकच प्रश्न असतो : "कोयना किती झाली?" पन्नास झाली म्हटले की माणसे निश्चिंत होतात, म्हणजे उन्हाळ्यात कृष्णेला पाणी राहील. ऐंशी झाली म्हटले की आवाज किंचित उतरतो. नव्वदीच्या पुढे तो प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही. धरणाचे सहा वक्री दरवाजे किती फुटांनी उचलले, आणि सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर आहे, एवढे दोनच आकडे मग उरतात. २००५, २०१९ आणि २०२१ ही साले आमच्याकडे लग्नाच्या आणि बारशाच्या तारखांसारखी लक्षात राहिली आहेत. खुद्द इस्लामपूर नदीकाठी नाही. पण बहे, बोरगाव, वाळवा ही कृष्णाकाठची गावे हाकेच्या अंतरावर आहेत, आणि तिथली पाहुणेमंडळी त्या त्या साली आमच्या सोप्यावर अंथरुणे टाकून राहिलेली आहेत.

इतकी ओळख असूनही ते पाणी प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आमच्यात थोडी. आमच्या लेखी कोयना हा एक आकडा आहे. तो वाढतो, उतरतो, कधी घाबरवतो. पण त्याला काठ आहेत, त्याच्यावर ऊन पडते, त्यात डोंगर दिसतात, हे डोक्यात येत नाही. धरणाच्या भिंतीपर्यंत शाळेच्या सहली जातात. भिंतीमागे सुमारे पन्नास किलोमीटर पसरलेला जो जलाशय आहे, ज्याला शिवसागर म्हणतात, त्यावर दिवसभर नावेत बसून हिंडावे असे आमच्या घरात तरी नोव्हेंबरातल्या त्या दिवसापर्यंत कोणाच्या मनात आले नव्हते.

ते आले काकूच्या नातवाच्या मनात. हा मुलगा शिकागोजवळ राहतो, दोन वर्षांतून एकदा येतो, आणि आल्यावर त्याला काहीतरी 'करायचे' असते. तिकडे मिशिगन सरोवरावर तो शिडाची होडी चालवायला शिकला आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी निघायचे, दिवसभर वाऱ्याच्या मर्जीने फिरायचे आणि अंधार पडण्याआधी परत यायचे, असा त्याचा नेम. आपल्याकडे एवढे मोठे सरोवर आहे आणि तुम्ही कोणी त्यावर गेला नाहीत, याचे त्याला आश्चर्य वाटले. सरोवर हा शब्द ऐकून काकू स्वयंपाकघरातून बाहेर आली. "सरोवर कसलं रं? धरण हाय ते." आणि मग, थोड्या वेळाने, "मी बी येतो."

काकू म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. वय ऐंशीला टेकलेले. तिचे माहेर कोयनेच्या खोऱ्यात, जावळीकडचे. लग्न होऊन ती इस्लामपूरला आली तेव्हा खोऱ्यात धरणाचे काम चालू होते. १९६१-६२ पासून पाणी अडू लागले, आणि पुढच्या एकदोन पावसाळ्यांत तिचे गाव पाण्याखाली गेले. गाव उठले त्या दिवसांत ती पहिल्या बाळंतपणात होती आणि माहेरी जाऊ शकली नाही. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. काकूला जायला माहेर नव्हते. ही हकीकत तिने आम्हांला कधी नीट सांगितलेली नाही. आम्हांला लहानपणी माहीत होते ते एवढेच की रिकाम्या खोलीत दिवा जळत राहिलेला तिला खपत नसे. "बंद कर त्यो," ती म्हणायची, "माझ्या बापाचं रान जळतंय वर." आम्हांला तो तिचा एक विनोद वाटे.

पहाटे पाचला निघालो. पेठनाक्यावरून महामार्गाला लागलो, कऱ्हाड ओलांडले, साताऱ्यात चहा घेतला आणि यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारावरून पलीकडे उतरलो. कासचा फुलांचा हंगाम सरला होता. पठार तांबूस, वाळलेले आणि माणसांवाचून होते. मला ते तसेच अधिक आवडते, पण हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. उताराला लागल्यावर एका वळणावर खाली पाणी दिसले. नातवाने गाडी थांबवायला सांगितली आणि फोटो काढले. काकू गाडीतून उतरली नाही. काचेतून बघत तिने विचारले, "हे सगळं?"

बामणोलीच्या धक्क्यावर लाँचा ओळीने बांधलेल्या असतात. बहुतेक पर्यटक इथून वासोट्याला जातात : जलाशय ओलांडून मेट इंदवलीला उतरायचे, वनखात्याच्या चौकीवर नोंद करायची आणि जंगलातून किल्ला चढायचा. तो भाग आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो (२०१०), त्यामुळे दिवस मावळायच्या आत परतावे लागते. आम्हांला किल्ला चढायचा नव्हता. उत्तरेला तापोळ्याकडे सावकाश जायचे, मध्ये वाटेल तिथे थांबायचे आणि संध्याकाळी परत यायचे, असे ठरवून एक लाँच दिवसभरासाठी घेतली. नावाडी पन्नाशीतला. बोलता बोलता कळले की वीस वर्षे तो मुंबईत माथाडी होता. यात नवल नाही. जावळी-पाटणच्या डोंगरातली एक अख्खी पिढी मुंबईच्या गोदींत आणि बाजारांत पाठीवर ओझी वाहत जगली. माथाडींची संघटना उभारणारे अण्णासाहेब पाटीलही पाटण तालुक्यातलेच, आणि त्यांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला. ज्या खोऱ्याच्या पाण्यावर मुंबईचे दिवे लागले, त्याच खोऱ्यातली माणसे त्या दिव्यांखाली रात्रपाळीला पोती उचलत होती. नावाडी मात्र हे असे काही म्हणाला नाही. तो म्हणाला, "पाठ गेली, मग हितं आलो. हितं बसून काम हाय."

सकाळचे पाणी अगदी स्थिर होते. इंजिनाचा आवाज सोडला तर काही हलत नव्हते. ज्यांनी हा जलाशय पाहिलेला नाही त्यांनी गोल तळ्याची कल्पना करू नये. कोयना महाबळेश्वराला उगम पावते आणि पठारावरच्या इतर नद्यांप्रमाणे पूर्वेला न जाता सह्याद्रीच्या कण्याला समांतर सरळ दक्षिणेला सुमारे ६५ किलोमीटर वाहते. मग हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला समोरासमोर भिडते. या वळणाशी १०३ मीटर उंचीची भिंत घातली, ती १९६४ साली पुरी झाली, आणि मागची सगळी चिंचोळी दरी पाण्याने भरली. म्हणून शिवसागर लांब आहे, अरुंद आहे आणि त्याला असंख्य बोटे आहेत. जिथे ओढा होता तिथे आता पाण्याचे एक बोट डोंगरात घुसले आहे. जिथे डोंगराची सोंड होती तिथे भूशिर झाले आहे. तापोळ्याच्या अलीकडे सोळशी आणि कांदाटी या दोन नद्यांची खोरी येऊन मिळतात, तिथे पाणी जरा मोकळे होते. बाकी सगळीकडे दोन्ही काठ डोळ्यांना दिसत राहतात.

याच मुद्द्यावर नातवाने तो प्रश्न विचारला, ज्याच्यामुळे हा लेख लिहायला घेतला. "काका, इथे एकही शिडाची होडी कशी नाही?"

मी आजूबाजूला पाहिले. खरेच नव्हती. लाँचा होत्या, वल्ह्याच्या लहान होड्या होत्या, लांबवर काठाला मासेमारीची जाळी टाकलेली होती. डोलकाठी कुठेच नव्हती. त्याने मग आम्हांला शिडाची गोष्ट समजावून सांगितली, आणि त्याला ती छान सांगता येते. वारा मागून आला तर शीड फुगते आणि होडी पुढे जाते, हे कोणालाही कळते. पण वारा समोरून असताना त्याच्या दिशेला तिरपे जाता येते, ही शिडाची खरी किमया. शिडाची वक्र बाजू विमानाच्या पंखासारखी काम करते, पाण्याखालची फळी होडीला बाजूला घसरू देत नाही, आणि एकदा उजवीकडून एकदा डावीकडून अशी नागमोडी वाट काढत होडी वाऱ्याच्या तोंडावर चढते. सरळ वाऱ्यात मात्र कोणालाच जाता येत नाही. मिशिगनवर म्हणे निम्म्या वेळा पलीकडचा काठच दिसत नाही. तिथे वाऱ्याला अडवायला काही नसते, म्हणून तो तासन्‌तास एका दिशेने वाहतो.

नावाडी हे सगळे ऐकत होता. त्याने डोक्यावरच्या ताडपत्रीकडे बोट दाखवले. लाँचेला उन्हासाठी लोखंडी पाइपांवर ताडपत्रीचे छत असते. "ही बगा तुमची शीड. चैत्र-वैशाखात वळीव आला की ही वारा धरती आन्‌ लाँच धक्क्याला लागूच देत न्हाई. आडवी पळती. मग पयली ही सोडायची." नातू हरखला. हेच तर शीड, असे तो पुनःपुन्हा म्हणू लागला. नावाड्याच्या मते मात्र ती खोड होती. त्याचे म्हणणे असे : इथला वारा एकट्याचा नाही. प्रत्येक खिंडीतून वेगळा येतो. सकाळी पाणी झोपलेले असते, दुपारी उठते, आणि उठले की या सोंडेला पूर्वेकडून तर त्या सोंडेला पश्चिमेकडून वारा लागतो. अशा वाऱ्याच्या जिवावर गिऱ्हाईक कसे न्यायचे?

हे कारण खरेच आहे. अरुंद दऱ्यांत वारा कड्यांवर आपटून फिरतो, आणि शिडाला असा फिरता वारा सर्वांत नकोसा. परंतु मला वाटते कारण तेवढेच नाही. माणूस शीड उभारतो ते पिढ्यान्‌पिढ्या एका वाऱ्याच्या सहवासात राहून. कोकणातल्या तांडेलाला कोणत्या महिन्यात कोणत्या प्रहरी वारा कुठून फिरतो हे बापाकडून आलेले असते. डोल, परबाण, सुकाणू, नांगर हे शब्द त्याच्या घरात भांड्यांच्या नावांसारखे वापरात असतात. शिवसागराला जेमतेम साठ वर्षे झाली. त्याच्या काठची माणसे नाचणी-वरी पिकवणारी, गुरे राखणारी डोंगरी माणसे. त्यांच्या पायाखालची शेते गेली आणि समोर पाणी आले म्हणून ती नावाडी झाली. ज्या पिढीने पहिली होडी वल्हवली तिला पोहता येत असेल ते नदीच्या डोहात. एवढ्या पाण्याचे शब्द त्यांच्याकडे नव्हते. म्हणून ते मोटारीचे शब्द घेऊन आले : लाँचेला गाडी म्हणतात, सुकाणूला स्टिअरिंग, आणि धक्क्याला लावण्याला पार्किंग.

आणि गंमत अशी की शीड इथून फार दूर नाही. पश्चिमेचा डोंगर ओलांडला की खाली चिपळूणचा मुलूख. वाशिष्ठी नदी, गोवळकोटचा धक्का, पुढे दाभोळची खाडी. दाभोळ हे आदिलशाहीतले नामांकित बंदर. तिथे शेकडो वर्षे गलबतांची शिडे उभी राहिली. सह्याद्रीच्या एका अंगाला शीड, दुसऱ्या अंगाला नांगर, आणि मध्ये हजारो वर्षांची भिंत. ती भिंत कोयना प्रकल्पाने फोडली. या जलाशयाच्या पोटातून बोगदे काढले आणि पाणी सह्याद्रीच्या पलीकडे पोफळीला डोंगराच्या आतल्या वीजघरात सोडले. पुढे चौथ्या टप्प्यासाठी तर १३ मार्च १९९९ रोजी तळ्याच्या तळाला खालून सुरुंग लावून भोक पाडले. २५ एप्रिल २०१२ रोजी पुन्हा तसेच केले. चारही टप्पे मिळून वीजनिर्मितीची क्षमता १९६० मेगावॅट आहे. जे पाणी कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जायचे ते पोफळीहून वाशिष्ठीत पडते आणि दाभोळच्या खाडीने अरबी समुद्राला जाते. म्हणजे आमच्या लाँचेखालचे पाणी शिडाच्या मुलखाला निघालेले होते. आम्ही तेवढे वरच्या वर तरंगत होतो.

असो. काकूकडे वळतो.

ती नावेच्या मधल्या फळीवर, पदर घट्ट लपेटून, हातातली पिशवी मांडीवर धरून बसली होती. सुरुवातीपासून तिने पाण्याकडे फारसे पाहिलेच नव्हते. ती डोंगर बघत होती. एकदा या काठाचा, एकदा त्या. तिच्या गावाचे नाव मी इथे लिहीत नाही. लिहिले तर वाचकाला त्या नावाचे गाव नकाशावर सापडेल, आणि ते तिचे गाव नसेल. धरणात गेलेल्या अनेक गावांतली काही घरे डोंगरावर चढली आणि जुनेच नाव घेऊन तिथे राहिली; काही ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली जिल्ह्यांत गेली, आणि तेच नाव तिकडेही घेऊन गेली. नाव उरते आणि गाव नाहीसे होते हा प्रकार आम्हां इस्लामपूरकरांना उलट बाजूने कळू लागला आहे. राज्य शासनाने २०२५ साली आमच्या गावाचे ईश्वरपूर करण्याचा निर्णय जाहीर केला. वाद कोणत्याही बाजूने घाला. गाव जागच्या जागी आहे, उरुणाच्या गल्ल्या त्याच आहेत. काकूला त्या वादात कधी रस वाटलेला मी पाहिला नाही. आता त्याचे कारण मला समजते.

तिने नावाड्याला गावाचे नाव सांगितले. त्याने मान हलवली, लाँच थोडी पुढे नेली, एकदा मागे वळून एका खिंडीकडे पाहिले, एकदा समोरच्या काठावरच्या देवळाच्या कळसाकडे, आणि इंजिन बंद केले. "आजी, हितं. त्या खिंडीची आन्‌ ह्या कळसाची रेघ मारली का बरूबर गावठाण."

इंजिन बंद झाल्यावर किती शांतता होती हे मला सांगता येत नाही. पाण्याचे चुबुकचुबुक लाँचेच्या कडेला ऐकू येऊ लागले. मग लक्षात आले की आम्ही थांबलेलो नाही. अकरा वाजून गेले होते, वारा उठला होता, आणि ताडपत्री हळूच फुगून आम्हांला तिरपे नेत होती. नातू माझ्याकडे बघून हसला. पण तो बोलला नाही, एवढी समज त्याला आहे.

काकू बराच वेळ चारी दिशांना पाहत राहिली. मग म्हणाली, "हे न्हवं."

नावाडी म्हणाला, "हेच की आजी. माझा बाप दावायचा."

"डोंगर केवढुसे हाईत हे. आमचं डोंगर उंच व्हतं. परड्यात हुभं राहून टोक बघायचं तर डुईवरचा पदर पडायचा."

मला हे कळायला काही क्षण लागले. तिने हे डोंगर फक्त तळातून पाहिले होते. सोळा वर्षे दरीच्या तळाशी उभी राहून, मान वर करून. आता पाण्याने आम्हांला त्या घरांच्या, झाडांच्या, देवळाच्या शिखराच्याही कितीतरी वर उचलून ठेवले होते, आणि तिथून डोंगर अर्धेच उरले होते. नातवाने ज्या दृश्याचे पन्नास फोटो काढले ते दृश्य तिने आयुष्यात पाहिलेले नव्हते, कारण इतक्या उंचीवर, दरीच्या मधोमध, हवेत, कोणी उभे राहूच शकत नव्हते. आपण जलाशयाला निसर्गसौंदर्य म्हणतो तेव्हा आपण नेमके कुठे उभे असतो, हा प्रश्न मला त्याआधी कधी पडलेला नव्हता.

ती ओळख पटवण्यासाठी धडपडली, असे म्हणवत नाही. तिने खाली पाण्यात पाहिले, ते हिरवट आणि गच्च होते. एक हातभर खाली काही दिसत नव्हते. शेवटी ती नावाड्याला म्हणाली, "तू म्हनतोस तर असंल बाबा." हे ती त्याचे मन राखायला म्हणाली.

तिच्या माहेराला पुढे काय मिळाले याची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण ती फार जणांची आहे. कोयनेची गावे उठली तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता; महाराष्ट्रातला तो कायदा १९७६ साली आला. तिच्या वडिलांना दूरच्या जिल्ह्यात जमीन देऊ केली होती. ते एकदा जाऊन बघून आले, तिथली सपाटी आणि काळी माती बघून आले, आणि म्हणाले, तिथे डोंगर नाही, सूर्य कुठून उगवतो ते कळत नाही. ते वर सरकले आणि वरच्या खाचरात राहिले. भावांनी पुढे एका कचेरीत कितीक खेटे घातले. कागद आहे, जमीन नाही. काकूने या भांडणात कधी भाग घेतला नाही. परंतु आमच्याच तालुक्यातल्या कासेगावातून डॉ. भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दल यांनी कोयना-चांदोलीच्या धरणग्रस्तांचा प्रश्न दशकानुदशके लावून धरला आहे, आणि त्यांच्या सहचारिणी गेल ऑम्व्हेट, ज्या अमेरिकेतून येऊन कासेगावच्या झाल्या आणि २०२१ साली तिथेच वारल्या, त्यांच्याविषयी काकू आदराने बोलते. "ती बाई लांबनं आली आन्‌ आमचं बोलली," एवढेच. नातवाला हे नाव ठाऊक नव्हते. अमेरिकेतून इकडे आलेली बाई आणि इकडून अमेरिकेत गेलेला तो. त्याने मोबाइलवर तिचे नाव लिहून ठेवले.

दरम्यान लाँच वाऱ्याने वाहत काठाला टेकत आली होती. वर चढावर आठदहा घरे होती आणि एक बाई पाण्याशी कपडे धूत होती. काकूने तिला हाक मारली.

"कुणाची गं तू?"

तिने आडनाव सांगितले. मग सासऱ्याचे नाव, मग आजेसासऱ्याचे. तिसऱ्या नावाला काकू उठून उभी राहिली, लाँच डुचमळली आणि आम्ही दोघांनी तिचे दंड धरले.

"देवी कुठं हाय आता?"

"वर हाय की. देऊळ नवं बांधलं. मुंबईच्या लोकांनी वर्गणी काढली."

"मूर्ती तीच?"

"तीच म्हनत्यात. पानी यायच्या आदी डुईवर घिऊन चढल्याली."

काकूने पिशवी उघडली. आत खण, नारळ, तांदूळ, हळद-कुंकवाच्या पुड्या, सगळे नीट बांधून आणलेले. हे तिने आम्हांला सांगितले नव्हते. मला वाटले होते, आणल्यास ती ते पाण्यात सोडेल. तसे मी नंतर बोलूनही दाखवले, तर ती माझ्याकडे चमकून पाहू लागली. पाण्याची ओटी कशाला भरायची? पाण्याने काय दिले? वर चढण्याइतके तिचे गुडघे राहिलेले नाहीत, तेव्हा तिने ती पिशवीच त्या बाईच्या हातात दिली. त्या बाईने ओले हात पदराला पुसून ती घेतली, काकूच्या पाया पडली, आणि म्हणाली, "आज्जी, चा घिऊन जावा." तो चहा पाण्याच्या काठावर, दगडावर बसून झाला, त्याला तासभर लागला. बोलणे सगळे माणसांविषयी होते : कोण मुंबईला, कोण वारले, कोणाच्या पोरीला कुठे दिले. डिसेंबर १९६७ चा भूकंपही निघाला. ११ तारखेच्या पहाटे कोयनानगर उद्‌ध्वस्त झाले तेव्हा काकू इस्लामपुरात होती. मांडणीवरची भांडी खळाखळा पडली आणि तिने पहिली हाक आपल्या बापाला मारली. तलावाच्या पाण्याने भूकंप घडतात याचे उदाहरण म्हणून आज जगभरचे भूशास्त्रज्ञ कोयनेचे नाव घेतात. त्या काठावर ते आधीपासून सर्वांना पटलेले होते. "येवढं वजन ठेवल्यावर भुई कण्हनारच," ती बाई म्हणाली.

तापोळ्याविषयी फार लिहीत नाही. वाहने पलीकडे नेणारा तराफा, महाबळेश्वराहून उतरलेले पर्यटक, पिठले-भाकरी आणि तळलेला मासा मिळणारी खानावळ, आणि एक स्पीडबोट, जिने दहा मिनिटांत आमच्याभोवती तीन फेऱ्या घातल्या. नातवाचा त्या बोटीवरचा राग पाहून मला बरे वाटले.

परतताना वारा समोरून होता. पाण्यावर बारीक लाटा उठल्या होत्या, आणि ऊन त्यांच्यावर तिरपे पडून डोळे दिपत होते. एका सोंडेला वळसा घालताना डाव्या बाजूने एवढा झपाटा आला की ताडपत्री फाडकन्‌ उचलली गेली आणि लाँच कलली. काकूने "आई गं" म्हणून पाइप धरला. नावाड्याने चाक नातवाच्या हातात दिले, शांतपणे चार गाठी सोडल्या आणि ताडपत्रीची गुंडाळी करून ती फळीखाली सारली. नातवाने मात्र सोंड संपेपर्यंत चाक सोडले नाही. तो लाँच सरळ नेत नव्हता. वाऱ्याच्या जराशी उजवीकडे, मग जराशी डावीकडे, अशी नेत होता. इंजिनाला त्याची गरज नव्हती. नावाड्याने ते पाहिले आणि काही म्हटले नाही. काकूने वळून एकदा त्या खिंडीकडे पाहिले, मग कळस कुठे दिसतो का ते पाहिले; आम्ही बरेच पुढे आलो होतो.

धक्क्याला लागताना साडेचार झाले होते. पैसे देता देता नातवाने विचारलेच, की दाभोळकडच्या कोणा कारागिराकडून एक लहान डोलकाठी आणि शीड करून आणले, तर वल्ह्याच्या होडीला बसवाल का? खर्च मी देतो.

नावाड्याने नोटा मोजून खिशात घातल्या. "आन्‌ वारं पडलं तर?"

"तर थांबायचं. येतो परत थोड्या वेळाने."

"आन्‌ गिऱ्हाईक?"

"तेही थांबेल."

नावाडी मोठ्याने हसला, आणि शेजारच्या लाँचवाल्यालाही हाक मारून त्याने हे सांगितले. काकू तोवर गाडीशी जाऊन उभी राहिली होती. यवतेश्वरचा घाट उजेडात उतरायला पाहिजे, असे ती तिथूनच ओरडून सांगत होती.